पक्कड हातात घेण्याआधी हे वाचा: २० मीटर बँडची डोंगरवाली वायर घेतलेल्यांसाठी

आमच्या हॅम रेडिओच्या एंड-फेड अँटेनाबद्दल (एक लांब वायर, तिच्या एका टोकाला ट्रान्सफॉर्मरचा डबा) येणारे मेसेज बघितले तर बहुतेकांचा मजकूर एकच असतो, "घरी एसडब्ल्यूआर १.२ येत होता, डोंगरावर गेलो तर तीनच्या वर, ट्रान्सफॉर्मर खराब आलाय का?" (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ सगळ्यात चांगलं.) ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. घरी १.२ येत होता ना, गोची तिथेच आहे.

होतं काय तर पार्सल येतं, दम निघत नाही, मग वायर गॅलरीच्या कठड्यावरून, भिंतीला घासून, जमेल तशी सोडली जाते आणि ॲनालायझर (अँटेना तपासायचं यंत्र) लावला की डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असतो ती जागा, दिसतो १३.२ मेगाहर्ट्झला. वायर फारच लांब आलीय असं वाटतं, मग पक्कड निघते आणि थोडं कापा, बघा, थोडं कापा, बघा, असं करत डिप बरोबर १४.१ वर आणून ठेवतात. खूश. आणि मग शिखरावर मास्ट (वायर धरणारी उंच काठी) उभा केला, वायर मोकळ्या हवेत गेली, की तोच डिप निघतो १४.६ ला, म्हणजे बँडच्याही बाहेर (२० मीटर हे लहरीच्या लांबीवरून पडलेलं बँडचं नाव, वायरची लांबी नव्हे; बँड १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ), आणि रिग (रेडिओ सेट) पॉवर कमी करायला लागते.

यात वायरचा दोष नाही. लोखंडी कठडा, भिंत, जमीन यांच्या जवळ वायर असली की त्यांच्यामुळे कपॅसिटन्स वाढतो आणि ती आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते, रेझोनन्स (म्हणजेच डिप) खाली येतो. तुम्ही वायर कठड्यासाठी ट्यून केलीत, वापरायला नेलीत डोंगरावर. या बँडवर हाफवेव्ह (अर्ध्या लहरीएवढ्या) वायरचा हिशोब असा की १ सेंटीमीटर कापलं की रेझोनन्स साधारण १४ किलोहर्ट्झ वर सरकतो, म्हणजे २५ सेंटीमीटर जास्तीचे गेले की अख्खा बँड ओलांडून गेलात. आम्ही वायर १०.२ मीटर देतो, मोकळ्या जागेत तिला ३५ सेंटीमीटरच्या आसपास कमी करावं लागतं, आणि आमच्याकडे "खराब" म्हणून येणाऱ्या वायरी मोजल्या तर साडेनऊ मीटर भरतात.

म्हणून एकच विनंती, वायर कापू नका, दुमडा. मोकळ्या टोकाचा जादा भाग मागे वळवून त्याच वायरवर घट्ट पिळा, शेवट टेपने नाहीतर बारीक झिपटायने बांधा. दुमडलेला भाग इलेक्ट्रिकली जवळपास कापल्यासारखाच धरला जातो, अगदी तंतोतंत नाही पण कामापुरता नक्की. सैल फास ठेवलात तर मात्र तसं होणार नाही, वायर वायरला चिकटूनच हवी. दोन-तीन वेगवेगळ्या जागी वापरून बघा, दर वेळी दुमड त्याच जागी येत असेल तर मग खुशाल कापा, तेव्हाही बोटभर जास्त ठेवून.

मोजतानाची दुसरी गडबड म्हणजे ॲनालायझर थेट ट्रान्सफॉर्मरच्या डब्याला लावणं. एंड-फेडला काउंटरपॉइज (वायरच्या जोडीला दुसरी बाजू) थोडा का होईना लागतोच, आणि आमच्या सेटमध्ये ते काम रिग ते डबा जाणाऱ्या केबलची, म्हणजे कोॲक्सची, बाहेरची जाळी (शील्ड) करते. कोॲक्स काढून छोटा नॅनोव्हीएनए ॲनालायझर डब्यावरच लावला की काउंटरपॉइज म्हणून उरता तुम्ही स्वतः. खात्री करायची असेल तर मोजताना ॲनालायझरवरची बोटं उचला आणि परत ठेवा, डिप स्क्रीनवर डावी-उजवीकडे सरकताना दिसेल. त्या रीडिंगवर विश्वास ठेवून पक्कड उचलणार का? जी ५ मीटरची कोॲक्स डोंगरावर नेणार तीच लावा, ती जमिनीवर पसरा, रिगच्या टोकाला कॅलिब्रेट करून तिथूनच मोजा. चोक (शील्डवरचा करंट अडवणारा भाग) वापरत असाल तर तो रिगच्या बाजूला लावा, डब्याला चिकटून नको, नाहीतर काउंटरपॉइजच कापला जातो आणि मग वेगळी १ मीटरची वायर डब्याच्या ग्राउंडला जोडावी लागेल.

आता "तुम्हीच बरोबर मापाची कापून का देत नाही" हे जे विचारतात त्यांच्यासाठी. देता आली असती, आमचं काम उलट कमी झालं असतं आणि "ट्यून न करताच पाठवली" हे ऐकावं लागलं नसतं. पण कोणी ६ मीटरच्या मास्टवर इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीचा आकार) करतो, कोणी झाडाच्या फांदीवरून तिरकी सोडतो, कोणाच्या शिखरावर कोरडा कातळ असतो तर कोणाकडे ओलं गवत, प्रत्येक ठिकाणी डिप वेगळा येतो. शिंपी शिवणीत कापड राखून ठेवतो तसे ते जादा सेंटीमीटर आहेत, ते मुद्दाम आहेत आणि पुढेही राहतील. शिवाय इन्सुलेशनवाली वायर उघड्या तारेपेक्षा दोन-चार टक्के आखूड लागते, त्यामुळे इंटरनेटवरच्या १४३ भागिले फ्रिक्वेन्सीवाल्या सूत्राने येणारं माप आमच्या वायरला लावू नका, १४.१ ला ते १०.१४ मीटर येतं आणि ते जास्त आहे.

ट्रान्सफॉर्मरवर खरंच शंका असेल तर घरी तपासता येतो. २.२ किलोओहम आणि २२० ओहमचे साधे कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा (वायरवाउंड नकोत), वायरच्या जागी डब्याचं अँटेना टर्मिनल ते ग्राउंड असे लावा आणि इथे मात्र ॲनालायझर थेट डब्यावर चालेल. आत २ आणि १४ वेढे आहेत, इम्पीडन्स वेढ्यांच्या वर्गाने बदलतो म्हणून ४९ ला १, आणि २४२० भागिले ४९ म्हणजे जवळपास ५० ओहम. १४ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला तर डबा चांगला आहे, विषय संपला. याच टेस्टमधून गेल्याशिवाय आमच्याकडून डबा बाहेर जात नाही. स्वस्तातल्या डब्यांमध्ये कोर लहान असतो, डिजिटल मोडवर दहा-पंधरा मिनिटांत तो हाताला गरम लागतो आणि एसडब्ल्यूआर सरकायला लागतो, आमचा मोठा आणि थोडा जड कोर त्यासाठी आहे, पाठीवर चार ग्रॅम जास्त गेले म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं :)

आणि १.० चा हट्ट सोडा. एसडब्ल्यूआर १.५ ला फक्त ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के. समोरच्याला यातलं काही ऐकू येत नाही, एस-मीटरचा (सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवणारा मीटर) एक घर हलवायला ६ डीबी लागतात. १.७ चं १.१ करण्यात शिखरावरचा अर्धा तास घालवण्यापेक्षा तेवढ्या वेळात सीक्यू ("कोणी आहे का" ही हाक) मारा.

"एसडब्ल्यूआर चांगला आहे पण शेजारच्या जिल्ह्यातला मित्र ऐकत नाही, परदेशातला स्टेशन मात्र ५९ (स्पष्ट आणि जोरदार) देतो" हीसुद्धा तक्रार येते, आणि ती तक्रार नाहीच. २० मीटरवर सिग्नल आयनोस्फिअरवरून परत येतो तो लांब जाऊन उतरतो, मधला काही शे किलोमीटरचा पट्टा कोरडा राहतो. जवळच्यांसाठी ४० मीटर बँड लावा, आमची जोडवायर क्लिपने पुढे जोडली की तीच अँटेना ७ मेगाहर्ट्झवर चालते (तिलाही दुमडण्याचाच नियम, आणि मागचा २० मीटर बँडचा तुकडा जास्त कापलेला असेल तर ४० सुद्धा वरच सरकणार). मित्र अगदी समोरच्या डोंगरावर असेल तर दोन मीटर बँडचा (व्हीएचएफ) हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा सेट, बरा. शॉर्टवेव्हवर उंचीचा फायदा व्हीएचएफसारखा सरळ नजरेचा नसतो, खरा फायदा म्हणजे वर इन्व्हर्टर, चार्जर, एलईडी यांचा गोंगाट नसतो, त्यामुळे घरी ज्यांचा पत्ताही लागत नाही असे ५ वॅटवाले तिथे कानात येतात. ५ आणि १०० वॅटमधला फरक १३ डीबी, एस-मीटरच्या दोन घरांच्या जरा वर, एवढाच आहे.

सोटा (समिट्स ऑन द एअर, शिखरांवरून रेडिओवर बोलण्याचा कार्यक्रम) करणाऱ्यांना नियम आम्ही शिकवायला नको, २००२ पासून चाललेला कार्यक्रम आहे. पॉइंटसाठी चार कॉन्टॅक्ट, तेही माथ्यापासून २५ मीटर उंचीच्या पट्ट्यात बसून, गाडीतून नाही आणि जनरेटरवर नाही. चार जमत नसतील तर स्पॉट (आपण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहोत याची ऑनलाइन सूचना) टाकलाय का बघा, सीडब्ल्यूला (मोर्स) १४.०६० आणि एसएसबीला (बोलून) १४.२८५ च्या आसपास क्यूआरपीवाले (कमी पॉवरवाले) शोधत फिरतात, कुठल्यातरी भलत्याच फ्रिक्वेन्सीवर न सांगता हाका मारत बसलं तर दोष अँटेनाला देऊ नये.

मास्टबद्दल थोडक्यात. कार्बनची मासेमारीची काठी वापरू नका, कार्बन वाहक असतो आणि डिप कुठेही पळतो, फायबरग्लास घ्या, आमचाच घ्या असं नाही. जोड पिळून घट्ट करा, आपटून नाही. वायरचं मोकळं टोक येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताला लागणार नाही असं बांधा, ५ वॅटलाही तिथे शंभरच्या वर व्होल्ट असतात आणि १०० वॅटला सुमारे पाचशे, चांगलाच चटका बसतो. ढग गडगडायला लागले की लॉग अर्धा असो की पायलअप (एकाच वेळी हाका मारणाऱ्यांची गर्दी) चालू असो, मास्ट खाली आणि तुम्हीही खाली.

परत पाठवण्याचं म्हणाल तर डब्यात दोष निघाला तर विनातक्रार बदलून देतो. कापलेली वायर परत घेत नाही, यात वाद नको. पण पूर्ण सेट घ्यायचीही गरज नसते, फक्त वायर वेगळी मिळते, दोन्ही टोकांना इन्सुलेटर लावून. मेसेज करताना वायरची आत्ताची लांबी टेप लावून मोजलेली, अंदाजे नको, डिप कुठे येतो तो आकडा, आणि अँटेना लावलेली असतानाचा एक फोटो ज्यात डबा, कोॲक्स आणि वायरचं टोक तिन्ही दिसतील, एवढं पाठवा. नुसतं "चालत नाही" लिहिलंत तर आम्हाला हेच सगळं परत विचारावं लागतं आणि तुमचा शनिवार-रविवार जातो.