पार्श्वभूमी : कर्ज ‘माफ’, नोंद मात्र ‘सेटल्ड’

अमळनेरला एका झेरॉक्सच्या दुकानात मे महिन्यात पाहिलेला कागद. एका शेतकऱ्याचा पतअहवाल, म्हणजे त्याच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद. आठ पानं, बारीक अक्षरं, आणि चौथ्या पानावर शेतकऱ्याने बोट ठेवलेली एक ओळ. खात्याचा प्रकार पीककर्ज, थकबाकी शून्य, आणि पुढे इंग्रजीत शेरा ‘सेटल्ड’. शेतकरी दुकानदाराला विचारत होता, “मनं कर्ज ते माफ व्हई गयं ना, मंग हाई काय शे?” दुकानदाराने प्रिंटचे पन्नास रुपये घेतले आणि बँकेत विचारा म्हणाला. शेतकरी बँकेतूनच आला होता. तिथे त्याला ‘सिबिल क्लिअर करून आणा’ एवढंच सांगितलं होतं.

गेल्या काही वर्षांत खान्देशात खरिपाच्या तोंडावर हा संवाद इतक्या ठिकाणी ऐकू येतो, की त्यामागचा गुंता एकदा उलगडून ठेवायला हवा.

कर्जदाराची पत कागदावर उतरवण्याची पद्धत इथे जुनीच आहे. आधी सावकाराची खतावणी होती. १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतपुरवठा आला, आणि सोसायटीच्या इकराराचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढू लागला. तलाठ्याकडचा उतारा हाच गावाचा पतअहवाल होता, आणि तो कुणालाही वाचता येत असे. बोजा उतरला की माणूस मोकळा. बोजा उतरायला फेरफार लागतो, हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं. आजच्या अहवालात ‘बोजा उतरवणं’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुणी समजावून सांगितलेलं नाही. बरीचशी गडबड इथूनच सुरू होते.

आजची पद्धत २००० मध्ये सुरू झाली. नव्वदच्या दशकात बँकांची थकीत कर्जं फुगली होती. एका बँकेला बुडवलेला माणूस दुसऱ्या बँकेत ताठ मानेने जाऊन नवं कर्ज उचलत होता. एका समितीच्या शिफारशीनंतर देशातली पहिली पतमाहिती कंपनी उभी राहिली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘सिबिल’ हा शब्द आला. २००४ पासून व्यक्तींच्या कर्जाच्या नोंदी तिच्याकडे जमू लागल्या. २००७ मध्ये पतीचे गुण (क्रेडिट स्कोअर) आले, पण ते बँकांना दिसायचे. ज्याचे गुण, त्याला ते पाहण्याची सोय २०११ मध्ये झाली. ही चार वर्षं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सगळी यंत्रणा कर्ज देणाऱ्याने स्वतःसाठी बांधलेली होती. कर्ज घेणारा तिच्यात मागाहून, बाजूच्या दाराने आला.

२०१० मध्ये आणखी तीन कंपन्यांना परवाने मिळाले. आज चार कंपन्या आहेत, म्हणजे प्रत्येकाचे अहवालही चार. आपल्याकडे मात्र चौघींना मिळून सिबिलच म्हणतात. ‘सिबिल काढलं’ म्हणजे अहवाल मागवला, ‘सिबिल साडेसातशे आहे’ म्हणजे गुण, ‘सिबिल लागलं’ म्हणजे कर्ज नाकारलं, आणि ‘सिबिलमध्ये नाव टाकलं’ म्हणजे जणू एखादी काळी यादी. अशी यादी नसते. अहवालात वेळेवर भरलेले हप्तेही तितक्याच निमूटपणे नोंदलेले असतात. पण बोलीत तो शब्द शिक्षेचा झाला, आणि लोक अहवाल पाहायलाच घाबरू लागले. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण घटतात ही समजूतही त्याच भीतीतली. ते घटत नाहीत.

पतमाहिती कंपन्यांसाठीचा कायदा २००५ चा, अंमल डिसेंबर २००६ पासून. कर्जासाठी अर्ज केलेल्याला बँकेने मागवलेल्या अहवालाची प्रत मागण्याचा आणि चूक ३० दिवसांत दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात पहिल्यापासून आहे. कागदावर हक्क होता, पण पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. अहवाल विकत घ्यावा लागे, अर्जासोबत कागद पाठवावे लागत. शिवाय सगळ्या बँका सगळ्या कंपन्यांना माहिती देत नसत, त्यामुळे एका अहवालात माणूस स्वच्छ आणि दुसऱ्यात थकबाकीदार, असं चालायचं. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या कर्जदात्यांना सगळ्या कंपन्यांचं सभासद व्हायला लावलं. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असं ठरलं. फुकटचा दुवा संकेतस्थळावर शोधावा लागतो आणि पैशांच्या योजना आधी डोळ्यांत भरतात, ही तक्रार तेव्हापासून आजतागायत आहे.

आता त्या ‘सेटल्ड’कडे.

मराठीत आपण ‘माफी’ हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरतो. सरकारने कर्ज भरलं तरी माफी, बँकेने तडजोड करून काही रक्कम सोडली तरी माफी, बँकेने खातं निर्लेखित केलं तरी माफी, आणि मुदत वाढवून दिली तरी पुष्कळदा माफीच. अहवालाच्या भाषेत या चार निरनिराळ्या नोंदी आहेत. पूर्ण पैसे आले तर ‘क्लोज्ड’. बँकेने काही सोडलं तर ‘सेटल्ड’. निर्लेखन झालं तर ‘रिटन-ऑफ’. मुदत वाढवली तर ‘रिस्ट्रक्चर्ड’. यात सर्वांत फसवा शब्द तिसरा. निर्लेखन म्हणजे बँकेने स्वतःचा ताळेबंद साफ करण्यासाठी केलेली नोंद. येणं तसंच राहतं, वसुलीही चालू राहते. ‘राइट-ऑफ झालं म्हणजे सुटलो’ म्हणणारे शेतकरी मी यावलपासून शहाद्यापर्यंत ऐकले आहेत.

सरकारी कर्जमाफी या चारांपैकी कशात बसते? २००८ ची केंद्राची योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी देणारी होती. त्याहून मोठ्याला ७५ टक्के भरल्यावर २५ टक्के सूट. २०१७ च्या राज्याच्या योजनेत दीड लाखापर्यंत माफी, आणि त्यावरच्यांनी वरची रक्कम भरली तर दीड लाखाचा लाभ. २०१९ च्या योजनेत मर्यादा दोन लाख. कागदोपत्री पाहिलं तर बँकेला पैसे मिळतातच, फक्त ते सरकारकडून येतात. तेव्हा खातं ‘क्लोज्ड’ व्हायला हवं, हा शेतकऱ्याचा युक्तिवाद. बँकवाल्यांचं म्हणणं वेगळं. सरकारकडून येणारी रक्कम आणि बँकेच्या वहीतलं येणं पैशापैशाला जुळत नाही. कट-ऑफ तारखेनंतरचं, म्हणजे योजनेने थकबाकी मोजायला धरलेल्या तारखेनंतरचं, व्याज कुणीतरी सोडावं लागतं, आणि बँकेने ते सोडलं की वहीच्या नियमाने ती तडजोडच ठरते.

दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. तरी मला शेतकऱ्याची बाजू जड वाटते, कारण ही तडजोड त्याने मागितलेली नव्हती. योजना सरकारने आखली, सोडायची रक्कम बँकेने ठरवली, आणि शेरा मात्र त्याच्या नावापुढे लागला. याहून खटकणारी गोष्ट म्हणजे, धोरण करणाऱ्यांना हा प्रश्न सुचतच नव्हता असं नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत हप्त्यांना स्थगिती दिली, तेव्हा त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की या सवलतीचा कर्जदाराच्या पतइतिहासावर विपरीत परिणाम होऊ नये.

शेतीच्या कर्जाचं वेळापत्रकही अहवालाला नीट पेलत नाही. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर बुडीत वर्गात जातं, हा बँकिंगचा नियम. अहवालाची मांडणी मात्र घराच्या आणि गाडीच्या हप्त्यांसाठी केलेली आहे. तिथे महिन्यागणिक चौकोन आणि चौकोनात थकलेले दिवस. जो शेतकरी दरवर्षी चार दिवसांसाठी हातउसने घेऊन कर्ज नवंजुनं करतो, म्हणजे जुनं भरून लगेच नवं उचलतो, तो स्वच्छ दिसतो. कापूस विकून आठवडाभर उशिरा भरणाऱ्याच्या चौकोनात आकडा उमटतो. दोघांत जास्त अडचणीत कोण, हे अहवालावरून कळत नाही.

दुसऱ्या टोकाची स्थिती विकासोच्या, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या, सभासदांची. जिल्हा बँकेचं कर्ज सोसायटीमार्फत येतं, आणि सभासद हा कागदोपत्री सोसायटीचा कर्जदार असतो. त्यामुळे वीस वर्षं वेळेवर भरणाऱ्या माणसाची ही परतफेड बहुधा अहवालात येतच नाही. ट्रॅक्टरसाठी तो खासगी वित्त कंपनीत गेला, की पतइतिहास नाही म्हणून बाजूला बसवला जातो. पतसंस्थांचंही बहुतांश तसंच. इथल्या पतसंस्थांच्या पडझडीत अनेकांच्या ठेवी अडकल्या, पण त्या संस्थांच्या कर्जदारांच्या थकबाकीचा मागमूस या अहवालांत क्वचितच सापडतो. पतइतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने आता बजावलं आहे.

पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकार बँकांना वारंवार सांगत आलं आहे. २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत गुन्हे दाखल करण्याची भाषाही झाली. शाखेत गेल्यावर अट तोंडी लावली जाते आणि लेखी नकार मिळत नाही, हे ज्याने अर्ज केलाय त्याला ठाऊक आहे. बँका सभासद पतमाहिती कंपन्यांच्या, नियमन रिझर्व्ह बँकेचं, आणि सूचना राज्याची. या त्रांगड्यात व्यवस्थापक आपल्या वरिष्ठांचं ऐकतो, हे त्याच्या जागी बसून पाहिलं तर समजतंही.

तक्रारीची बाजू अलीकडेच थोडी बळकट झाली. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. २६ एप्रिल २०२४ पासून तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. या ३० पैकी २१ दिवस बँकेला माहिती तपासून कळवायला. पूर्वी महिन्याने जाणारी माहिती जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याने जाऊ लागली, तेव्हा भरलेलं कर्ज अहवालात दिसायला पूर्वीइतका वेळ लागू नये.

दुरुस्ती मागताना खान्देशात दोन ठिकाणी हमखास अडतं. एक, नावं. एका गावात एकाच नावाचे, वडिलांचंही तेच नाव असलेले दोन-तीन पाटील सहज निघतात, आणि जुन्या पीककर्जाच्या खात्याला पॅन जोडलेलं नसलं की एकाचं कर्ज दुसऱ्याच्या अहवालात जाऊन बसतं. दोन, जामीन. भाचीच्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरला दिलेली सही आपल्या अहवालात ‘गॅरंटर’ म्हणून येते, आणि त्याचे थकलेले दिवस आपल्या पानावर मोजले जातात. ही चूक नव्हे, म्हणून तक्रार करून ती निघत नाही. नोंदी किमान सात वर्षं ठेवाव्यात असा नियम आहे. सात वर्षांनी पुसाव्यात असा त्याचा अर्थ लावून वाट पाहणारेही बरेच आहेत.

अमळनेरच्या त्या शेतकऱ्याने पुढे कर्जमाफीचं प्रमाणपत्र जोडून बँकेला लेखी अर्ज दिला, आणि अहवालावरचा नियंत्रण क्रमांक टाकून ऑनलाइन तक्रारही नोंदवली. बँकेचं उत्तर एकविसाव्या दिवशी आलं. दीड लाख योजनेतून जमा, वरचे त्याने स्वतः भरलेले, आणि नंतरचं व्याज अकरा हजार आठशे बँकेने सोडलेलं. म्हणून ‘सेटल्ड’ बरोबर आहे. ते अकरा हजार आठशे आता भरले तर शेरा बदलून ‘क्लोज्ड’ करू. माफ झालेल्या कर्जाचं व्याज नऊ वर्षांनी भरायचं का, यावर घरात बाप आणि मुलगा अजून भांडताहेत.