दादर-माटुंगा: प्लेगने वसवलेले उपनगर

हिंदू कॉलनीतली किंवा माटुंग्यातली एखादी तीन मजली इमारत पुनर्विकासात गेली की 'जुनं दादर संपलं' अशी हळहळ सुरू होते. हे जुने दादर तसे फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे बव्हंशी शेते, खाजणे, ताडमाड आणि विखुरलेल्या वाड्या होत्या. मुंबई शहर म्हणजे कोट, गिरगाव, भुलेश्वर, मांडवी. चित्र बदलले ते प्लेगमुळे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीतल्या एका रुग्णाला प्लेग असल्याचे ओळखले. पुढच्या काही महिन्यांत निम्मी मुंबई गावाकडे पळाली. गोदीवर आणि गिरण्यांवर चालणाऱ्या शहराला हे परवडणारे नव्हते. १८९८ मध्ये सरकारने कायदा करून 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. रोग कोंदट वस्तीतून पसरतो अशी तेव्हाची समजूत. म्हणून ट्रस्टने दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, समुद्राचा वारा थेट आत यावा म्हणून. आणि उत्तरेला दादर-माटुंगा-शीव पट्ट्यात जमीन घेऊन नवे उपनगर आखले: रुंद रस्ते, मोजून पाडलेले प्लॉट, मधे बागा. आजचा आंबेडकर रस्ता म्हणजे त्या आखणीतला किंग्ज वे.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. ज्यांच्या खोल्या पाडल्या, ते हमाल-मजूर या प्लॉटवर राहायला आले नाहीत. येणे शक्यही नव्हते. काम गोदीत, बाजारात आणि रोज गाडीचे भाडे कोण भरणार? त्यांच्यासाठी ट्रस्टने काही चाळी बांधल्या, त्याही अपुऱ्या. बाकीचे शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागले. दादर-माटुंगा मिळाले ते पगारदार मध्यमवर्गाला, आणि तेही बऱ्याच उशिरा. पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकाम रखडले; खरी वस्ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांतली.

वस्ती झाली ती समाजासमाजाने. ट्रस्टमध्येच नोकरीला असलेले अभियंता मंचरजी जोशी यांनी १०३ प्लॉट पारशांसाठी राखून घेतले. बेताच्या उत्पन्नाच्या पारशांना परवडतील अशी घरे त्यांना हवी होती. इतर पारशी बागांना, म्हणजे वसाहतींना, असते तशी भिंत त्यातून उभ्या राहिलेल्या या पारशी कॉलनीला नाही, हे मला तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. इथल्या फाइव्ह गार्डन्स या बागांना आज जोशींचेच नाव आहे. पलीकडच्या हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'राजगृह' बांधले, राहण्याइतकेच आपल्या ग्रंथसंग्रहासाठीही.

माटुंग्यात रेल्वेतले, सरकारी आणि खासगी कचेऱ्यांतले तमिळ कारकून, टंकलेखक, हिशेबनीस आले. त्यांच्यामागोमाग देऊळ, फुलांची दुकाने, कॉफीची पूड दळून देणारे आणि खाणावळी. खाणावळी चालवणारे मात्र बरेचसे उडुपी-मंगळूर भागातले! 'कॅफे मद्रास' १९४० चे, तर ए. रामा नायक यांचे 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२ चे, माटुंगा स्टेशनसमोर. घरापासून दूर राहणाऱ्या एकट्या नोकरदाराला केळीच्या पानावर पोटभर जेवण, हा सगळा धंदा. शिक्षणसंस्थाही याच सुमाराला आल्या: अभियांत्रिकी शिकवणारी व्हीजेटीआय १९२३ मध्ये भायखळ्याहून इथे हलली, रुईया महाविद्यालय १९३७ मध्ये सुरू झाले.

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. त्यानंतर या इमारतींवर सर्वांत खोल परिणाम केला तो १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने. भाडी साधारण सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना छप्पर टिकले, पागडीचा, म्हणजे भाड्याच्या घराच्या ताब्यासाठी एकरकमी पैसे देण्याचा, व्यवहार रुजला, आणि मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला. आज पाडल्या जाणाऱ्या इमारतींपैकी कित्येकींची पडझड तिथूनच सुरू झाली.