वाळव्याच्या दोघांनी गायलेली मुंबई

आज दादर-परळच्या नाट्यगृहात कुणी डफ-तुणतुण्यावर कविता सादर केली की त्याचं 'वेगळा प्रयोग' म्हणून कौतुक होतं. गिरणगावातल्या, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीतल्या जुन्या माणसाला याचं हसूच येईल, कारण त्याने कविता ऐकली ती अशीच.

पठ्ठे बापूराव (1866–1945) आणि अण्णाभाऊ साठे (जन्म 1920) हे दोघेही शाहीर सांगलीच्या वाळवा तालुक्यातले. एक रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, दुसरे वाटेगावच्या मातंग वस्तीतले. मुंबईवर दोघांनी लावणी रचली. बापूरावांची मुंबई दिमाखदार आहे, बघणाऱ्याचे डोळे दिपवणारी. अण्णाभाऊंनी त्याच शहराची लावणी मलबार हिलवरून सुरू करून परळात उतरवली, घाम गाळून मिळेल ते खाणाऱ्यांमध्ये. प्रकार तोच, मुंबई मात्र उलटी करून दाखवलेली.

1944 मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा साचा त्यांनी मोडला नाही, आतला माल बदलला. गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आलं, कृष्ण-गौळणींची गवळण गळाली, वगाचं, म्हणजे तमाशातल्या कथेच्या भागाचं, लोकनाट्य झालं. शाहिराची ओळ झीलकरी, म्हणजे मागे साथ करणारे गायक, उचलून धरतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि ऐकणाऱ्यालाही ती पाठ होते. पाळी संपवून आलेल्या कामगारापर्यंत कविता पोचायला याहून सोपी वाट नव्हती.

'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचं गाणं, याच मुशीतली. बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेल्या गड्याचा विरह ऐकता ऐकता शेवटी कळतं, की ताटातूट बेळगाव-कारवारचीही आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ती घरोघरी नेली. प्रचारगीतं पुष्कळ झाली, पण त्यांतली बहुतेक विरली. ही टिकली, कारण तिच्यातला विरह आधी खरा आहे, राजकारण नंतर येतं.

1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि हा श्रोता पांगला. शाहिरी वस्त्यांमधल्या जलशांत, म्हणजे गाण्यांच्या कार्यक्रमांत, तगून राहिली. तिथूनच आलेल्या संभाजी भगतांची संकल्पना आणि संगीत घेऊन 2012 मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगमंचावर आलं. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेल्या या नाटकात शाहिरांचा सवाल-जवाब रंगतो. त्यात गाणारे बरेचसे कलाकार जालन्याकडचे, शेतीत राबणारे. मुंबईला गाऊन दाखवायला पुन्हा गावाकडूनच माणसं आली.