झिंब्रा कम्युनिटी की एंटरप्राइज? आधी रिस्टोरचं विचारा

झिंब्रा म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर ईमेल चालवायचं सॉफ्टवेअर. त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट, एंटरप्राइज (म्हणजे नेटवर्क एडिशन) विकतची. कळंगुटचं हॉटेल असो की वास्कोचा शिपिंग एजंट, सगळ्यांचं एकच पालुपद: "आमचे मेल जीमेलवर स्पॅममध्ये पडतात, म्हणून एंटरप्राइज घ्यायचंय." याचा वीट आलाय. झिंब्राच्या फुकट आणि विकतच्या, दोन्ही आवृत्त्यांत मेल पाठवणारं पोस्टफिक्स तेच, स्पॅम गाळणारं स्पॅमअसॅसिन तेच. तुमचे मेल अडतात ते बहुतेकदा एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) किंवा पीटीआर (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) यांचा रेकॉर्ड धड नसतो म्हणून. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल छोट्या पाठवणाऱ्यांकडूनही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि जोडीला पीटीआर मागतं. पीटीआर इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून लावून घ्यायचा असतो, लायसन्ससोबत तो येत नाही. "एंटरप्राइज घ्या, स्पॅम बंद" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून मी काहीही घेणार नाही.

मोबाइलशी मेल-कॅलेंडर जुळवणारं ॲक्टिव्हसिंक आणि आउटलुकला झिंब्राशी जोडणारा कनेक्टर विकतच्या आवृत्तीत मिळतात. बहुतेकांचं काम आयमॅप (मेलसाठी) आणि कॅलडॅव्ह (कॅलेंडरसाठी) या साध्या जोडण्यांवर भागतं.

खरी मेख आहे ती रिस्टोरमध्ये, म्हणजे एकच मेलबॉक्स बॅकअपमधून परत आणण्यात. समजा, अकाउंट्समधल्या कुणी श्रावणाच्या सुरुवातीला बिलांचं फोल्डर उडवलं आणि चतुर्थीची सुट्टी संपल्यावर ते लक्षात आलं. मूळ सेटिंगमध्ये ट्रॅशमधले मेल ३० दिवसांनी जातात, म्हणजे तिथे काही उरलेलं नाही. विकतच्या नेटवर्क एडिशनमध्ये झेडएमरिस्टोर कमांडने त्या एका खात्याची जुनी प्रत वेगळ्या नावाच्या खात्यात उतरवता येते. सर्व्हर चालूच राहतो. फोल्डर उचलायचं, काम झालं. मात्र तिथेही मूळ मांडणीत बॅकअप महिनाभरच राहतो. ती मुदत पहिल्याच दिवशी वाढवून घ्या, नाहीतर पैसे भरूनही हात रिकामेच.

कम्युनिटीत ही सोय आतून येत नाही. बरेच जण रात्री सर्व्हर थांबवून झिंब्राची अख्खी डिरेक्टरी कॉपी करतात आणि निर्धास्त झोपतात. डिस्क गेली तर ती कॉपी तारेल. पण एका फोल्डरसाठी दुसऱ्या मशीनवर तीच आवृत्ती उभी करून सगळा सर्व्हर जिवंत करावा लागतो, ऐन कामाच्या दिवशी. म्हणून रोज रात्री झेडएममेलबॉक्स या कमांडने प्रत्येक खात्याची टीजीझेड (एकत्र बांधून आकसलेली) फाइल वेगळी काढा, आणि जुन्या फाइली किमान तीन महिने ठेवा. परत घेताना 'रिझॉल्व्ह' या पर्यायात 'स्किप' द्या. 'रिसेट' दिलंत तर आधीचं फोल्डर पुसून मग फाइल आत येते, आणि मधल्या काळात आलेले मेलही जातात. पासवर्ड आणि खात्याच्या सेटिंग्ज या फाइलीत नसतात, त्यासाठी एलडॅपची, म्हणजे खात्यांची माहिती ठेवणाऱ्या यादीची, प्रत वेगळी काढावी लागते.

पॅचचं, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांचं, थोडक्यात: २०२० मध्ये आलेल्या ९ व्या आवृत्तीपासून झिंब्राने ओपन सोर्सची तयार पॅकेजेस देणं बंद केलं, फक्त सोर्स कोड मिळतो. ८.८.१५ चा आधार २०२३ अखेर संपला. ती अजून चालवत असाल तर कम्युनिटी की एंटरप्राइज ही तुलना नंतर करा, आधी तिच्यावरून नव्या आवृत्तीवर जा.

रोज लॉग बघणारा माणूस पगारावर असेल तर माझं मत कम्युनिटीला. तो नसेल आणि रिसेप्शनवरचाच कुणी सर्व्हर सांभाळत असेल, तर विकतची घ्या, घासाघीस नको. फक्त खाती नीट मोजा. लायसन्स मेलबॉक्समागे लागतं, एलियास (त्याच मेलबॉक्सचा दुसरा पत्ता) किंवा डिस्ट्रिब्युशन लिस्ट (अनेकांना मेल पोचवणारा एकच पत्ता) यांच्यामागे नाही. रिझर्व्हेशन, फ्रंट ऑफिस, बँक्वेट अशा पत्त्यांना स्वतंत्र मेलबॉक्स देऊन बिल फुगवू नका.