युव्हिआयटिसमधील मूत्र-निदर्शक

डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पटलाला येणारी सूज म्हणजे युव्हिआयटिस. ही सूज चढते आहे की उतरते आहे याचा अंदाज लघवीतल्या ज्या द्रव्यांवरून घेण्याचा प्रयत्न होतो, ती मूत्र-निदर्शके. सुई टोचावी लागत नाही, लहान मुलांचीही तपासणी वारंवार करता येते, म्हणून कल्पना मोहात पाडते. पण डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जेमतेम पाव मिलिलिटर द्रव मावतो. तिथली सूज दिवसाच्या दीडेक लिटर लघवीत उमटणार कशी? लघवी बोलते ती बहुधा साऱ्या शरीराबद्दल.

निओप्टेरिन या मूत्र-निदर्शकाचे असेच आहे. गॅमा इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनाने चेतवलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशी ते तयार करतात आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. लघवी कधी दाट, कधी पातळ, म्हणून त्याचे प्रमाण क्रिएटिनिन या लघवीतून बऱ्यापैकी ठरावीक वेगाने बाहेर पडणाऱ्या द्रव्याच्या तुलनेत मांडतात; नमुना उजेडापासून जपावा लागतो. मात्र क्षय, मलेरिया, एचआयव्ही यांतही ते वाढते. भारतात क्षय हे युव्हिआयटिसचेच एक मोठे कारण असल्याने नुसत्या या आकड्यावर सूज उतरवणाऱ्या, पण प्रतिकारशक्तीही दाबणाऱ्या स्टिरॉइडचा डोस ठरवणे धोक्याचे.

लघवीला खरे महत्त्व येते ते ‘टिनू’ या आजारात. १९७५ मध्ये डॉब्रिन आणि सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या या विकारात मूत्रपिंडाच्या नलिकांभोवती आणि डोळ्यांत सूज येते. रुग्ण बहुतेक किशोरवयीन, त्यातही मुली अधिक. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे चिमुकले प्रथिन मूत्रपिंडात गाळले जाते आणि निरोगी नलिका ते जवळजवळ सगळे परत शोषून घेतात. नलिका दुखावल्या की ते लघवीत उतरते. दोन्ही डोळे अचानक लाल झालेल्या मुलामुलींत ही तपासणी म्हणूनच सांगतात. आम्ल लघवीत मात्र हे प्रथिन मूत्राशयातच विघटते आणि आकडा फसवा कमी येतो.

इथेही ते मूत्रपिंडाचेच माप, डोळ्याचे नव्हे. मूत्रपिंड पुष्कळदा सावरते, डोळ्यांची सूज मात्र रेंगाळते किंवा उलटते. तेव्हा लघवीचा अहवाल अगदी स्वच्छ असू शकतो. त्यामुळे आजाराची सक्रियता आजही स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात: १ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या प्रकाशझोतात तरंगणाऱ्या पेशी मोजायच्या आणि २००५ च्या ‘सन’ या युव्हिआयटिसच्या प्रमाणित निकषांप्रमाणे श्रेणी द्यायची. ६ ते १५ पेशी म्हणजे १+, पन्नासाहून अधिक म्हणजे ४+.