हिज्कीयाचा भरवसा

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा (असिरियाचा) सम्राट सन्हेरीब यहूदा या यहुदी राज्यावर चालून आला, तेव्हा तिथला राजा हिज्कीयाने सैन्यबळापेक्षा परमेश्वरावर भार टाकला. बायबलमध्ये ही हकिकत २ राजे (१८–१९), २ इतिहास (३२) आणि यशया (३६–३७) अशी तीनदा येते.

सामना बरोबरीचा नव्हताच. सन्हेरीबाच्या कोरीव लेखानुसार त्याने यहूदाची ४६ तटबंदीची नगरे जिंकली. त्यांपैकी लाखीश नगराचा पाडाव त्याने आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यात शिल्पपटांवर कोरून घेतला. ते पट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटाला भिडवलेले चढ, सुळावर दिलेली माणसे, बैलगाडीत सामानावर बसवून नेलेली बायकामुले, सारे त्यांत दिसते. यहूदाची राजधानी यरुशलेम (जेरुसलेम) हिच्या वाट्याला काय येणार, हे वेगळे सांगायला नको होते.

हिज्कीया हात जोडून बसून राहिला नव्हता. त्याने तट दुरुस्त केला आणि गीहोन झऱ्याचे पाणी शहरात आणले. सुमारे ५३३ मीटर लांबीचा खडकातला बोगदा बहुतेक अभ्यासक याच कामाचा मानतात. मंदिराच्या दारांचे सोने उतरवून त्याने खंडणीही भरली. तरी फौज आलीच. संदेष्टा यशया याची तक्रार नेमकी इथे होती: लोकांनी पाणी साठवले, घरे पाडून तट भक्कम केला, पण हे सारे ज्याने योजले त्याच्याकडे पाहिले नाही. मिसरचे (इजिप्तचे) घोडे आणि रथ यांच्या आशेवर राहणाऱ्यांनाही त्याने खडसावले.

अश्शूरी सेनाधिकारी रब्शाके तटावरच्या लोकांना ऐकू जावे म्हणून मुद्दाम त्यांच्याच भाषेत बोलला. ‘भरवसा’ हा शब्द त्याच्याच भाषणात पुन्हापुन्हा येतो. मिसर म्हणजे पिचलेला बोरू, टेकाल तर हाताला टोचेल, असे तो म्हणाला. स्वार मिळत असतील तर दोन हजार घोडे मी देतो, हा त्याचा टोमणा सर्वांत बोचरा, कारण तो खरा होता.

पुढे धमकीचे पत्र आले. हिज्कीयाने ते वाचले, मंदिरात नेले आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवले. या कथेचा गाभा इथेच आहे. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे उजाड केली हे खरे, असे तो प्रार्थनेत आधी कबूल करतो आणि मगच सुटका मागतो. संकट लहान करून सांगण्याची गरज त्याला वाटत नाही. सन्हेरीबाकडे आहे ते मानवी बाहुबल, आपल्याबरोबर देव आहे, असे त्याने लोकांनाही सांगितल्याचे २ इतिहासात आहे.

बायबलनुसार त्या रात्री परमेश्वराच्या दूताने अश्शूरी छावणीतले १,८५,००० लोक मारले आणि सन्हेरीब निनवेला परतला. अश्शूरी लेखात या मृत्यूंचा उल्लेख नाही. हिज्कीयाला ‘पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे’ कोंडले आणि मोठी खंडणी घेतली, एवढे त्यात अभिमानाने लिहिले आहे. यरुशलेम जिंकल्याचा दावा मात्र त्यात नाही.