टॅबलेटला फ्लॅश का नव्हता, आणि आता तो कुणाला लागतो

एप्रिल २०१० मध्ये पहिला आयपॅड विक्रीला आला तेव्हा त्याला फोटोसाठी लागणारा फ्लॅशच काय, कॅमेराही नव्हता. ५ ऑक्टोबर २०११ ला केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅबलेट आणला. सात इंची पडद्याचा, सरकारला २,२७६ रुपयांना पडलेला. त्यालाही कॅमेरा नव्हता. टॅबलेट ही वाचायची, बघायची, फार तर टाइप करायची वस्तू आहे, असेच बनवणारे धरून चालले होते. फोटो काढायला खिशात फोन होताच. आज विदर्भातल्या खेड्यात एखादा बाप मुलीसाठी टॅब घ्यायला तालुक्याला जातो आणि मागच्या कॅमेऱ्याजवळ दिवा दिसला नाही की त्याला वाटते, कंपनीने काटकसर केली. काटकसर होतीच, पण तेवढेच कारण नव्हते.

मार्च २०११ च्या आयपॅड २ ला मागे कॅमेरा आला, पण तो एक मेगापिक्सेलही भरत नव्हता. व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आपली खोली दाखवता यावी, एवढाच त्याचा उपयोग. त्याच्या काही महिने आधी, जून २०१० च्या आयफोन ४ ला मात्र त्याच कंपनीने एलईडी फ्लॅश दिला होता. म्हणजे तंत्र हाताशी होते. टॅबलेटला त्याची गरज नाही, असे ठरवून तो वगळला गेला. दुसऱ्या बाजूला सॅमसंगच्या २०१० च्या पहिल्या गॅलेक्सी टॅबला आणि मोटोरोलाच्या २०११ च्या ‘झूम’ टॅबला फ्लॅश होता. लोक टॅबलेटनेही फोनसारखे फोटो काढतील, असा त्या कंपन्यांचा होरा. तो टिकला नाही. २०१२ च्या सात इंची गॅलेक्सी टॅब २ मधून फ्लॅश गेला, आणि त्याच वर्षीच्या नेक्सस ७ ला तर मागचा कॅमेराच नव्हता. किमतीची चढाओढ सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी कात्री लागली ती या दिव्याला. आजही स्वस्त टॅबमध्ये तो बहुधा नसतो, आणि त्याचे मूळ त्या दोन-तीन वर्षांत आहे.

फ्लॅशचा स्वतःचा इतिहास याहून बराच जुना. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून पेटवायची भुकटी केली. प्रकाश भरपूर, धूर त्याहून जास्त, आणि हात भाजायची भीती कायमची. १९३० च्या आसपास काचेच्या बल्बातला फ्लॅश आला. एकदा उडाला की बल्ब फेकायचा. मग अमेरिकेत एमआयटीतले हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायू भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडण्याचे तंत्र फोटोग्राफीत रुळवले. गावातल्या लग्नात फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर बसणारा, ‘टिंग’ असा बारीक आवाज करत चार्ज होणारा फ्लॅश याच घराण्यातला. यात झेनॉन वायू असतो, आणि त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात संपतो. त्यामुळे अक्षता उधळताना हात हवेत असला तरी फोटोत तो स्थिर दिसतो. व्याघ्रगणनेत रात्री चालत्या वाघाचे पट्टे ओळखू येतील असे टिपायला झेनॉन फ्लॅशचे कॅमेरा ट्रॅप उपयोगी पडतात, ते याच गुणामुळे.

फोन आणि टॅबलेटमधला दिवा मात्र वेगळा. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी लख्ख निळा एलईडी बनवला, आणि त्यावर पिवळा थर चढवून १९९६ मध्ये त्याच कंपनीने पांढरा एलईडी बाजारात आणला. हा दिवा टिकाऊ आहे, कमी विजेत चालतो, पण झेनॉनपुढे मंद आहे. धावते वासरू त्याच्या उजेडात पुसटच येणार. आपल्याकडे तर बहुतेकांच्या फोनमध्ये दिवा कॅमेऱ्याच्याही आधी आला. २००३ चा नोकिया ११०० आठवा : कॅमेरा नाही, पण डोक्यावर बॅटरी. त्या काळात भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र हैराण होता, आणि शेतीपंपाची लाइन बऱ्याचदा रात्रीच यायची. ओलीत करायला किंवा रानडुकरांवर, रोह्यांवर जागल करायला जाणाऱ्या माणसाला हा फोन म्हणजे आधी बॅटरी आणि मग फोन होता. टॅब घेताना ‘फ्लॅश आहे का’ हा प्रश्न आपल्याकडे इतक्या आग्रहाने विचारला जातो त्यात ही सवयही आहे, असे मला वाटते. आणि ती सवय चुकीची नाही; लाइन गेल्यावर हातातले एवढे मोठे उपकरण उजेड देऊ शकत नसेल तर ती उणीवच.

फोटोपुरते बोलायचे तर उजेडाचा एक नियम इथे टाळता येत नाही. अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा उजेड चौथा हिस्सा उरतो, चौपट झाले की सोळावा. टॅबचा दिवा हातभर अंतरावर चांगला, दीड-दोन मीटरपर्यंत कसाबसा, त्यापुढे निरुपयोगी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः पिकाचा फोटो चढवू लागला. पीक विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याचा नियम होता तेव्हा आडव्या झालेल्या पऱ्हाटीचे आणि पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचे फोटो काढले जाऊ लागले. संध्याकाळी आभाळ गच्च असताना वावराच्या धुऱ्यावर उभे राहून फ्लॅश मारला, तर समोरची दोन झाडे पांढरीफटक आणि मागचे सगळे रान काळे येते. पावसाचे थेंब चमकतात ते वेगळेच. तिथे फ्लॅश बंदच ठेवावा, सकाळची वाट पाहावी. बोंड फोडून आतली गुलाबी अळी दाखवायची असेल तर मात्र हाच दिवा कामाचा, कारण अंतर वीतभर असते.

मधल्या काळात कॅमेऱ्याची जातही बदलली. सेन्सरची बांधणी उलटी करून जास्त उजेड गोळा करणारी चिप २००९-१० पासून फोनमध्ये येऊ लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये गुगलने पिक्सेल फोनला ‘नाइट साइट’ दिले, २०१९ मध्ये आयफोन ११ ला नाइट मोड आला. एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र जुळवायचे आणि अंधारातून रंग बाहेर काढायचे, असे हे काम. फ्लॅशची बरीचशी गरज यातून संपली. पण हे सगळे चांगल्या सेन्सरवर आणि ताकदवान चिपवर चालते. मुलांच्या हातात येणाऱ्या स्वस्त टॅबला ते जमतेच असे नाही.

गंमत म्हणजे टॅबलेटमध्ये फ्लॅश परतला तेव्हा माणसांच्या फोटोपेक्षा कागदांच्या फोटोसाठी तो जास्त कामाचा ठरला. आयपॅडमध्ये तो पहिल्यांदा आला मार्च २०१६ च्या ९.७ इंची आयपॅड प्रोला. पुढच्या वर्षी आयपॅडच्या नोट्समध्ये कागद स्कॅन करायची सोय आली. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये तर कागदावर सावली पडली, तर फ्लॅश लावून अनेक फोटो घ्यायचे आणि त्यातून बिनसावलीचे पान जुळवायचे, अशी योजना केली. साधा आयपॅड मात्र २०२२ च्या दहाव्या पिढीतही फ्लॅशशिवायच राहिला. कागदासाठी दिवा का लागतो, ते उघड आहे. टॅबलेट मोठा असतो. कागदावर धरला की त्याची स्वतःचीच सावली पानावर पडते. फोनला ही अडचण कमी.

आणि खेड्यात टॅबसमोर सगळ्यात जास्त वेळा काय येते? कागद. सातबारा, फेरफार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. जात पडताळणीसाठी काढलेली कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल, जुने पेरेपत्रक, वनहक्काच्या दाव्याला जोडायचे निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जंगल-चराईच्या हक्कांची जुनी नोंद. फिकट शाई, पिवळे पान, घडीवर फाटलेले. कवेलूच्या घरात, छपरीच्या आत, जिथे दुपारीही डोळे ताणावे लागतात, तिथे हे कागद पेटीतून निघतात. त्यांच्या एका अस्पष्ट अक्षरामुळे माणसाला पुन्हा तालुक्याला खेटा मारावा लागतो, एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून या कामासाठी दिवा हवा, हे माझे ठाम मत आहे. पण त्याआधी ऑटोफोकस हवा. स्थिर फोकसच्या कॅमेऱ्याला कितीही उजेड द्या, जवळ धरलेल्या कागदावरची बारीक अक्षरे पुसटच राहतील. दुकानात दिव्याबद्दल सगळे विचारतात, फोकसबद्दल क्वचितच कुणी.

लॅमिनेशन केलेल्या कार्डावर फ्लॅश सरळ मारला तर मधोमध पांढरा डाग पडतो आणि नेमका नंबर त्याखाली जातो. चेहऱ्यालाही तो मानवत नाही. दिवा भिंगाला चिकटून असल्याने डोळे लाल येतात, लहान मूल दचकते, आई डोळे मिटते. जुलै २०२५ पासून अंगणवाडीच्या घरपोच आहारासाठी चेहरा ओळखण्याची अट आली. तिथे सेविकेच्या हातात फोन असतो, पण अडचण तीच. आईला दाराकडे तोंड करून बसवले की झाले. ऊन थेट चेहऱ्यावर नको, पाठीमागून तर मुळीच नको. सेल्फीसाठीही वेगळा दिवा लागत नाही. २०१५ च्या आयफोन ६एससारख्या उपकरणांत पडदाच क्षणभर उजळवून फ्लॅशचे काम करून घेतात, आणि टॅबचा पडदा मोठा असल्याने त्याचा उजेड अधिक मऊ पडतो.

महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडून नीट-जेईईसाठी टॅब मिळालेल्या मुलामुलींना फ्लॅश नसल्याने काही अडत नाही. वहीतले गणित शिक्षकाला पाठवायचे तर खिडकीजवळचा उजेड पुरतो. ज्यांना रोज लोकांचे कागद चढवायचे आहेत, त्यांनी घेताना दुकानातच एखाद्या छापील पावतीचा जवळून फोटो काढून अक्षरे मोठी करून पाहावीत, मग दिवा तपासावा. टॅब आधीच घेतला असेल आणि त्याला दिवा नसेल, तर कागद सपाट फळीवर ठेवावा, दुसऱ्या कुणाच्या फोनची बॅटरी बाजूने, दीडेक फुटावरून तिरपी धरायला सांगावी, आणि टॅब थोडा वर घेऊन मग झूम करावे.